सीतेची आसवं : सड्यावरच्या पाझरपट्टीच्या कामाच्या नोंदी

ठिकाण : सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला, घाटमाथ्यावरचा जांभ्याचा सडा, म्हणजे उघड्या कातळाचं सपाट पठार. उंची सुमारे १,१०० मीटर. जमीन गावाचं गायरान.

काम : जुन्या जीपच्या चाकोरीनं तुटलेला पाण्याचा पसारा पुन्हा जोडणं, आणि त्याचा सीतेची आसवं या छोट्या कीटकभक्षी वनस्पतीवर काय परिणाम होतो ते मोजणं. तिचं शास्त्रीय नाव युट्रिक्युलॅरिया पर्पुरासेन्स. ग्रामसभेची आणि गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीची लेखी संमती कामाआधी घेतली आहे. ती नसेल तर अशा जागेवरून बी उचलू नये.

१२ मे

सडा पूर्ण कोरडा. दुपारी उघड्या कातळाचा पृष्ठभाग पन्नास अंशांच्या पुढं तापतो. आसवं वर्षायू आहेत, त्यामुळं या घडीला ती फक्त बियांच्या रूपात मातीत आहेत. कायमच्या चौकटी आखायला हाच महिना योग्य. पायाखाली काही चिरडत नाही आणि मातीची खोलीही नीट मोजता येते.

सड्यावरच्या जागा एकसारख्या नसतात. उघडा कातळ, भेगा, मातीनं भरलेले खळगे, पावसाळी डबकी आणि पाझरपट्टी अशा त्या वेगवेगळ्या धरायच्या. पाझरपट्टी म्हणजे जिथं कातळावर एक ते पाच सेंटिमीटर माती आहे आणि त्या मातीतून, तिच्यावरून पावसाळाभर पाणी पातळ थरानं सरकत राहतं. ते साचत नाही आणि धारही धरत नाही. आसवं आणि त्यांच्या सोबतीचे पांढरे गेंद यांची खरी जागा हीच. खळग्यात माती दहा सेंटिमीटरच्या वर गेली की तेरडा आणि गवत जागा बळकावतात. या जागा मोजणीत एकत्र केल्या तर सरासरी निघते, पण तिला काही अर्थ राहत नाही.

आज २० चौकटी आखल्या. ८ चाकोरीच्या उताराकडच्या अंगाला, ६ चाकोरीच्या वर, म्हणजे जिथं पाणी कधी तुटलंच नाही, आणि ६ लांबच्या दुसऱ्या पाझरपट्टीत. वरच्या आणि लांबच्या चौकटी नसतील तर या कामाला काही किंमत नाही. वर्षायू वनस्पतीची संख्या पावसाप्रमाणं दरसाल वरखाली होते. नुसत्या दुरुस्त केलेल्या जागेत फुलं वाढलेली दिसली तर ती दुरुस्तीमुळं वाढली की चांगल्या पावसामुळं, हे सांगता येत नाही.

चौकट ५० × ५० सेंटिमीटरची, २० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपची. आत दर १० सेंटिमीटरवर नायलॉनची दोरी ताणली की २५ घरं पडतात. कोपरे चिकटवायचे नाहीत. सुटे ठेवले की चौकट पिशवीत मावते आणि झुडपाभोवती उघडून बसवता येते.

खुणा करायच्या तर रंग चालत नाही. शेवाळ चढतं आणि दोन पावसाळ्यांत रंग सुटतो. साधा लोखंडी खिळा गंजून जांभ्याच्याच रंगाचा होतो आणि सापडत नाही. कापडी फिती गुरं चघळतात. म्हणून प्रत्येक चौकटीच्या कर्णावरच्या दोन कोपऱ्यांशी, उघड्या दगडात, ६ मिलिमीटरच्या बिटानं ४ सेंटिमीटर खोल भोक पाडून स्टीलचा स्क्रू आणि वॉशर बसवला. जांभा सच्छिद्र असतो, बीट एकाएकी पोकळीत घुसतं आणि स्क्रू हलतो. तसं झालं तर भोक भरत बसू नये, बोटभर सरकून दुसरं पाडावं. मोबाइलच्या जीपीएसची चूक मोकळ्या सड्यावरही काही मीटरांची असते, तेवढ्यानं अर्ध्या मीटरची चौकट सापडत नाही. जवळच्या दोन ठळक दगडांपासून टेपनं अंतर मोजून लिहिलं, ते जास्त भरवशाचं.

१९ मे

मातीची खोली. सायकलच्या चाकाची तार सरळ करून तिच्यावर दर ५ मिलिमीटरला कानशीनं खाच पाडली. प्रत्येक चौकटीत ९ ठिकाणी तार उभी दाबायची आणि दगड लागला की वाचायचं. मे महिन्यात माती कडक असते, तार वाकते. मग जोर लावायचा नाही. दोन थेंब पाणी सोडून मिनिटभर थांबलं की तार जाते. खडा लागला की कातळ लागला, हे आवाजावरून कळतं : खड्याचा आवाज बोदा, कातळाचा खणखणीत.

चाकोरीखालच्या चौकटींत माती वरच्यांपेक्षा फारशी कमी नाही. हे महत्त्वाचं. माती वाहून गेलेली नाही, फक्त पाणी दुसरीकडं वळलंय. माती गेली असती तर हे काम हाती घेण्यातच अर्थ नव्हता. कातळावर दोन सेंटिमीटर माती जमायला माणसाच्या हिशेबातला काळ पुरत नाही, आणि बाहेरून आणलेली माती हा उपाय नाही.

२७ मे

चाकोरीचं मोजमाप आणि बांध.

जीपची दोन चाकं उताराला आडवी गेली आहेत. दोन्ही खोबण्या ६ ते ९ सेंटिमीटर खोल, आणि त्यांच्या उताराकडच्या काठाला चेपून वर आलेल्या मातीचा उंचवटा. वरून पसरून येणारं पाणी खोबणीत पडतं, उंचवट्यामुळं पलीकडं जात नाही, आणि खोबणीतूनच वाहत जाऊन कडेच्या ओहोळाला मिळतं. खालची पाझरपट्टी पाऊस चालू असेपर्यंत ओली दिसते, पण उघडीप मिळाली की वरच्यापेक्षा आधी सुकते. आसवांना हीच गोष्ट मारक. त्यांचा सगळा कारभार वितीच्या आत असतो, खोल जाऊन पाणी शोधणारं मूळ त्यांना नाही.

उतार मोजायला गवंड्याची पाण्याची नळी वापरली, १० मीटर लांब, पारदर्शक. नळीत एक बुडबुडा राहिला तरी आकडा दोन-तीन सेंटिमीटरनं चुकतो आणि इथं सगळा खेळच सेंटिमीटरांचा आहे. नळी भरताना एक टोक बादलीत, दुसऱ्या टोकानं ओढायचं, आणि वापरण्याआधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका पातळीला येतं का ते पाहायचं. खोबणीचा स्वतःचा उतार १०० ला ३ निघाला.

बांध ९ सेंटिमीटर उंच धरला तर ९ भागिले ०.०३, म्हणजे दर ३ मीटरवर एक. एका बांधाचा माथा आणि वरच्या बांधाचा पायथा एका पातळीत येतो, मधे पाणी वेग धरत नाही. प्रत्येक बांधाच्या लगेच वरच्या बाजूला उताराकडचा उंचवटा ३० सेंटिमीटर रुंद कापला. बांध खोबणीला काटकोनात न घालता तिरका घातला, म्हणजे पाणी कापलेल्या तोंडाकडं ढकललं जातं. काटकोनातला सपाट बांध पहिल्या जोराच्या पावसात टोकाशी कोरला जातो आणि शेजारी नवी खोबण पडते.

सामान : त्याच सड्यावर सुटा पडलेला जांभ्याचा चुरा आणि मुठीएवढे दगड. मोठे दगड खाली, चुरा वर, पायानं चेपलेला. सिमेंट नाही, कारण सिमेंटमधून चुना झिरपतो आणि इथलं पाणी आम्लधर्मी, क्षार जवळजवळ नसलेलं असतं. बाहेरचा मुरूम तर नकोच. एका ट्रॉलीबरोबर गाजर गवत आणि रानमोडीचं बी येतं आणि पुढची दहा वर्षं उपटत बसावं लागतं. उंचवटा कापून निघालेली माती फेकली नाही. तिच्यात बी आहे. ती कापलेल्या तोंडाच्या खालीच बोटभर जाडीनं पसरली.

वाटेच्या तोंडाशी वाहन अडवायला मोठे धोंडे, दीड मीटरच्या आत अंतर. चर खणून वाहन अडवतात ते इथं चालणार नाही, कारण तो चरच पुढं पाणी पळवतो. धोंडेही उघड्या उंच कातळावर ठेवले, जिथं पाणी वाहतच नाही. मोटारसायकल यातून जाते. तिला दगड नाही, गावाचा शब्दच अडवतो.

८ जून

मृग लागला. पर्जन्यमापक बसवला. २० सेंटिमीटर व्यासाचं फनेल असेल तर १ मिलिमीटर पावसाला ३१.४ मिलिलीटर पाणी जमतं. म्हणजे ५ लिटरचा कॅन साधारण १५९ मिलिमीटरला भरतो. घाटमाथ्यावर एका दिवसात त्याहून जास्त पाऊस होतो आणि कॅन वाहून गेला की त्या दिवसाचा आकडाच हातचा जातो. म्हणून १० लिटरचा कॅन, निम्मा जमिनीत गाडलेला, वाऱ्यानं पडू नये म्हणून भोवती दगड.

२४ जून

आर्द्राच्या पावसानं सडा भिजला. मातीवरचा काळपट पापुद्रा फुगून मऊ झाला आहे. उन्हाळ्यात तो जळक्या रंगाच्या पोपड्यासारखा दिसतो आणि लोक त्याला घाण समजतात. तो नीलहरित शैवालांचा थर आहे. माती धरून ठेवतो आणि हवेतला थोडा नत्रही मातीत आणतो. बारीक बी याच थरात अडकून राहतं. फुगलेल्या पापुद्र्यावर बूट पडला की टाचेपुरता थर सुटतो आणि पुढच्या सरीत वाहून जातो. आजपासून चौकटींपाशी फक्त फळीवरून जायचं. २.४ मीटरची फळी, दोन्ही टोकं उघड्या दगडावर टेकलेली.

बांधांमागं पाणी येतंय आणि कापलेल्या तोंडांतून बाहेर पडतंय. दोन ठिकाणी बाहेर पडलेलं पाणी पसरण्याऐवजी एकाच रेघेत खाली जातंय. तोंडासमोर अर्धगोलात मुठीएवढे दगड सुटे मांडले की धार फुटते.

९ जुलै

रोपं. गेंदाचं रोप आणि आसवांचं रोप या वयात गफलत करायला लावतं. गेंद : टोकदार पानांचा छोटा चक्राकार गुच्छ, पान उजेडासमोर धरलं तर भिंगातून आडव्या-उभ्या रेघांच्या खिडक्या दिसतात, खाली पांढरी मुळं. आसवं : मातीतून सुटीसुटी वर आलेली अरुंद हिरवी पाती, गुच्छ नाही, मुळं तर मुळीच नाहीत. मातीत नुसते धाग्यांसारखे आडवे तंतू पसरलेले, पाती त्यांच्यावरच उगवतात. शंका असेल ते रोप मोजायचं नाही, कारण या महिन्यात अचूक आकडा कशालाच लागत नाही. घरात आहे की नाही, एवढंच लिहायचं.

१७ जुलै

सलग मुसळधार. एक बांध टोकाशी कोरला गेला होता, चुरा घालून चेपला. बाकी जागेवर.

३ ऑगस्ट

पाणी आणि सापळे.

पाण्याची खोली पारदर्शक पट्टीनं मोजली. पाझरपट्टीत ती मिलिमीटरांतच भरते. वेग मोजायला सुक्या गवताचा सेंटिमीटरभर तुकडा सोडून ५० सेंटिमीटरला लागणारे सेकंद. दर चौकटीत पाच वेळा, मधला आकडा धरायचा. सरासरी नको, एखादा तुकडा गवतात अडकतो आणि सरासरी बिघडवतो.

सामू (पीएच) मोजताना अशा पाण्यात हमखास फसवणूक होते. पाण्यात क्षार इतके कमी की लिटमससारख्या कागदाचा रंग ठरायलाच वेळ लागतो आणि मीटरचा आकडा सरकत राहतो. मीटर बुडवून, हलकं ढवळून, आकडा थांबेपर्यंत थांबायचं. घाईनं वाचलेला आकडा बहुधा आधीच्या द्रावणाचा असतो. दोन नमुन्यांमधे मीटर त्याच जागच्या पाण्यानं धुवायचा, बाटलीतल्या पिण्याच्या पाण्यानं नाही. त्यातले क्षार या पाण्याच्या कितीतरी पट असतात.

सापळे पाहायला दोन रुपयांच्या नाण्याएवढा मातीचा तुकडा चौकटीबाहेरून, सुरीच्या टोकानं उचलायचा, पांढऱ्या बशीत पावसाच्या पाण्यात ठेवायचा आणि मऊ ब्रशनं माती सोडवायची. चिमट्यानं ओढलं की तंतू तुटतात. दहापट भिंगातून एक मिलिमीटरच्या आतल्या पारदर्शक पिशव्या दिसतात. हेच सापळे. पिशवी आतलं पाणी बाहेर टाकत राहते, भिंती आत ओढल्या जातात, आतला दाब कमी होतो. तोंडाशी असलेल्या झडपेला एखाद्या सूक्ष्म जीवाचा धक्का लागला की झडप उघडते आणि पाण्यासकट तो जीव आत ओढला जातो. एका मिलिसेकंदाच्या आत हे उरकतं. मग अर्ध्या-पाऊण तासात पिशवी पुन्हा सज्ज. आत काळसर ठिपके असले तर शिकार झालेली, चकचकीत गोल दिसला तर तो हवेचा बुडबुडा : तुकडा उचलताना सापळा हवेत सुटला. तो शिकारीत मोजायचा नाही.

जांभ्याच्या मातीत नत्र आणि स्फुरद नगण्य, आणि जे थोडं विरघळतं ते पावसाबरोबर निघून जातं. सापळ्यांची गरज त्यातून आली. पण याचा व्यवहारातला अर्थ बहुतेक जण विसरतात. इथं ‘खत’ म्हणून काहीही घातलं, अगदी शेणाचा पो एकाच जागी पडून राहिला, तरी फायदा गवताला होतो आणि आसवांचं एकमेव भांडवल, म्हणजे दुसऱ्याला परवडत नाही अशा जागी जगणं, निघून जातं.

पाहून झालं की तुकडा त्याच खड्ड्यात, त्याच बाजूनं परत.

२१ ऑगस्ट

पहिले दांडे वर आले आहेत, खालची फुलं उमलली आहेत. ओळख पक्की करून घेतली.

मराठीत सीतेची आसवं हे नाव एकाहून जास्त जातींना लावलं जातं, त्यामुळं नोंदीत शास्त्रीय नाव हवंच. कासच्या फुलांच्या जुन्या याद्यांत ही जात बऱ्याचदा युट्रिक्युलॅरिया रेटिक्युलाटा म्हणून लिहिलेली सापडते. रेटिक्युलाटा भातखाचरांत आणि पाणथळ गवतात भेटते, तिचा दांडा बहुधा शेजारच्या गवताला वेढे घेत चढतो. इथली पर्पुरासेन्स आपल्या पायावर उभी राहते. जॉन ग्रॅहम यांनी १८३९ साली ती नोंदवली. रंगावर अजिबात जाऊ नये. एकाच पट्टीत गडद जांभळ्यापासून फिक्यापर्यंत सगळ्या छटा असतात आणि उन्हात फूल फिकटतं. पाहायचं ते हे : दांड्याची ठेवण, फळ धरल्यावर देठ सरळ राहतो की खाली वळतो, फळाभोवतीची दोन निदलं किती वाढतात, आणि बियांचा पृष्ठभाग. म्हणजे खात्रीनं ओळखायचं तर फुलाइतकंच फळही लागतं. ऑगस्टमधल्या फोटोवरून जात सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. फोटो काढायचाच तर तीन : समोरून, बाजूनं म्हणजे मागची शेपटीसारखी नळी दिसेल असा, आणि देठ-निदलांचा जवळून.

६ सप्टेंबर

मोजणीची पहिली फेरी. २५ घरांपैकी किती घरांत आसवं आहेत हा पहिला आकडा. दुसरा, मधल्या रांगेतल्या ५ घरांत फुलोऱ्याचे दांडे किती. सगळ्या घरांतले दांडे मोजण्याचा मोह आवरायचा. दाट पट्टीत एका १० सेंटिमीटरच्या घरात चाळीसच्या वर दांडे असले की दोन माणसांचे आकडे जुळत नाहीत, आणि चौकटीशी जितका वेळ जास्त तितकी तुडवातुडवही जास्त. दोघांनी वेगवेगळं मोजायचं, एकमेकांना ऐकू जाईल असं नाही. फरक दहा टक्क्यांच्या वर गेला तर पुन्हा. फुलं मोजायची नाहीत, दांडे मोजायचे, कारण एका दांड्यावर फुलं पाठोपाठ उमलतात आणि आजची संख्या उद्या वेगळी असते.

सोबत काय आहे तेही लिहिलं : गेंद, गवती दवबिंदू, नीलिमा, बारीक लव्हाळे, आणि गवतांत डायमेरिया. तेरडा एखाद्या चौकटीच्या कोपऱ्यात दिसला तर तारेनं तिथली खोली पुन्हा पाहायची. माती साठत चालल्याची ती पहिली खूण.

१४ सप्टेंबर

ऐन बहर. पाझरपट्टी निळ्या-जांभळ्या रंगानं भरली आहे, मधे गेंदांचे पांढरे ठिपके.

फुलांवर सातेरी आणि फुलोरी मधमाशा, निळ्या पट्ट्यांच्या रानमाशा, अधूनमधून फुलपाखरं. माशी खालच्या ओठावर बसते, तिच्या वजनानं ओठ खाली दबतो आणि मागच्या नळीतल्या मधापर्यंत वाट मोकळी होते. पाहणीसाठी १० मिनिटं एकाच जागी, फळीवर बसून, एक चौरस मीटरवर किती भेटी तेवढं लिहायचं. धुकं आलं की भेटी थांबतात, ती १० मिनिटं वाया गेली असं न मानता शून्य म्हणून लिहायची.

माणसांची ये-जाही याच आठवड्यांत. २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत आला, त्यात कास पठार आहे, तेव्हापासून फुलांच्या दिवसांत सगळेच सडे लोकांच्या नजरेत आहेत. इथं फलक लावला नाही. फलक म्हणजे गाडी थांबवायचं निमंत्रण. येणाऱ्याला गावातली पोरं उघड्या कातळावरून नेतात, दगडावर चुन्याचे छोटे ठिपके मारून वाट दाखवली आहे. चुन्याचे ठिपके पाझरपट्टीपासून लांब आणि तिच्या उताराकडच्या अंगालाच मारायचे, कारण वरच्या अंगाला मारले तर धुऊन आलेला चुना नेमका चौकटींत उतरतो.

कुंपण घालायचं का, हा प्रश्न समितीत आला. आमचं मत नाही असं. सड्यावर गुरं पिढ्यान्‌पिढ्या चरत आली आहेत आणि उंच वाढणारं गवत तीच खाली ठेवतात. कासला जाळी घातल्यावर चराई थांबली, गवत वाढून फुलं दबल्याची तक्रार झाली, आणि पुढं ती जाळी काढली गेली. इथं ठरलं ते असं : बहरापासून बी पडेपर्यंत पाझरपट्टीत गुरं न्यायची नाहीत, बाकी दिवस नेहमीसारखी चराई, पण मुक्काम नाही. रात्री गुरं एका जागी बसली की शेणमुताचा थर साठतो.

२९ सप्टेंबर

हस्त लागलाय पण चार दिवस पाऊस नाही. कामाचा खरा निकाल अशा उघडिपीतच दिसतो. रोज सकाळी एकाच वेळी प्रत्येक चौकटीत टिशू कागदाचा चौकोन मातीवर पाच सेकंद ठेवायचा : पूर्ण भिजला, डागापुरता भिजला, कोरडा. अशा तीनच पायऱ्या ठेवल्या. ओलावा मोजायचं महाग यंत्र दोन सेंटिमीटर मातीत उपयोगाचं नाही, त्याची सुई कातळाला लागते.

कापलेल्या तोंडांच्या समोरच्या चौकटी वरच्या चौकटींच्या बरोबरीनं ओल्या राहिल्या. दोन तोंडांच्या मधोमध येणाऱ्या चौकटी मात्र आधी कोरड्या पडल्या. पाणी तोंडातून सुटल्यावर बाजूला पसरतं ते वाटलं तितकं नाही. म्हणजे ३ मीटर हे अंतर बांधाच्या हिशेबानं बरोबर असलं तरी पसरण्याच्या हिशेबानं जास्त आहे. पुढच्या मे महिन्यात दोन बांधांच्या मधे आणखी एक, निम्म्या उंचीचा बांध आणि २० सेंटिमीटरचं तोंड.

११ ऑक्टोबर

मोजणीची दुसरी फेरी. दांड्यांवर आता फुलं आणि फळं दोन्ही आहेत. खालची फळं तपकिरी, टोकाची फुलं अजून ताजी. सड्याच्या खोल मातीच्या भागांत सोनकीचा पिवळा रंग चढलाय आणि लोकांचं लक्ष तिकडं गेलंय, ते बरंच झालं.

चाकोरीखालच्या चौकटींत या वर्षी आसवांची घरं जास्त भरली. यावरून एवढंच म्हणता येतं की बी तिथं होतंच आणि पाणी टिकल्यावर दांडे फुलापर्यंत पोचले. लांबच्या चौकटींतही हे वर्ष चांगलं गेलंय. निदान तीन पावसाळे एकत्र पाहिल्याशिवाय याला यश म्हणायचं नाही.

२५ ऑक्टोबर

बी गोळा केलं. दव सुकल्यावर, पण ऊन चढायच्या आत. सकाळी फळ ओलं असतं आणि पाकिटात बुरशी येते. दुपारी सुकलेलं फळ हात लागताच उघडून सांडतं. २० दांड्यांमागं एका दांड्याची फळं, त्याहून जास्त नाही, आणि तीही चौकटींच्या बाहेरून. वर्षायूचं पुढचं वर्ष पूर्णपणे या बियांवर असतं, कंद किंवा गड्डा असा दुसरा आधार तिला नाही.

पाकीट बटरपेपरचं. वैद्याच्या पुडीसारखी घडी घालायची, कारण बी पाव मिलिमीटरच्या आसपास, तपकिरी धुळीसारखं, आणि चिकटवलेल्या पाकिटाच्या कोपऱ्यातून निसटतं. प्लॅस्टिकची पिशवी नको, बी तिला चिकटून बसतं आणि आत घाम येतो. पाकिटावर तारीख, चौकटीचा जवळचा क्रमांक, मातीची खोली. नंतर आठवून लिहायचं नाही.

या बियांत साठवलेलं अन्न जवळजवळ नसतं. मोठ्या बियांसारखं ते मातीखाली दाबलं तर कोंब वर यायचा प्रश्नच उरत नाही. घरी कुंडीत उगवण्याचे प्रयोगही त्याच कारणानं फसतात : नळाचं पाणी, काळी माती, शेणखत आणि वर झाकलेलं बी. बियांची पुडी मागायला येणाऱ्यांना नकार द्यायचा ठरलंय.

१६ नोव्हेंबर

माती वाळली, पापुद्रा आकसला. पेरणीची चाचणी.

चाकोरीखाली, चौकटींपासून लांब, २० × २० सेंटिमीटरचे तुकडे चार प्रकारांत : दुरुस्त केलेल्या पाण्याखाली बी टाकलेले, दुरुस्त पाण्याखाली न टाकलेले, अजून न उघडलेल्या उंचवट्याखाली बी टाकलेले, आणि तिथंच न टाकलेले. प्रत्येक प्रकाराचे पाच. बी टाकल्यानं फरक पडतो की पाण्यानं, हे याशिवाय वेगळं काढता येणार नाही. आमचा अंदाज पाण्याच्या बाजूनं आहे, म्हणूनच उलट निघायला वाव ठेवणारी मांडणी हवी.

बी मोजता येत नाही, म्हणून सगळं बी एकत्र करून एक कप कोरड्या, बारीक चाळलेल्या जांभ्याच्या रेतीत ढवळलं आणि प्रत्येक तुकड्याला एक सपाट चमचा. न पेरलेल्या तुकड्यांवरही बी नसलेली तीच रेती तेवढीच टाकली, नाहीतर रेतीचाच परिणाम बियांच्या नावावर लिहिला जातो. ही रेती पाझरपट्टीतली नाही, उघड्या कातळावरच्या चुऱ्याची. पट्टीतल्या मातीत आधीचं बी असतं. पेरणी आता का : जूनमधे कोरड्या मातीवर टाकलेलं बी पहिल्या वळवातच धुऊन जातं. आता टाकलं की हिवाळ्याच्या दवानं ते पापुद्र्याच्या भेगांत बसतं. वारा पडलेला असताना, संध्याकाळी, गुडघ्याएवढ्या उंचीवरून.

१८ जानेवारी

गवत वाळून पिवळं. वणव्याचे दिवस सुरू होतात. पाझरपट्टीत गवत विरळ असल्यानं आग तिथं रेंगाळत नाही, पण खळग्यांतलं उंच गवत पेटलं की कडेचा पापुद्रा भाजतो. जाळरेषा ५ मीटर रुंद, सड्याच्या कडेनं, गवत कापून. जाळून नाही. कापलेलं गवत गावात वाटलं, कारण ते सड्यावर पडून राहिलं की पहिल्या पावसात कुजतं आणि त्याचा रस उताराला जातो.

गावातून सूचना आली की मोकळ्या सड्यावर झाडं लावू, अनुदान मिळतंय. झाडासाठी कातळ फोडायचा, खड्ड्यात खालची माती आणून भरायची, पाणी घालायचं. खड्डा पाझर पितो, आणलेल्या मातीतून तण येतं, आणि झाडानं जीव धरला तर सावली. आसवांना दिवसभराचं ऊन लागतं. समितीपुढं नकाशा ठेवला : झाडांसाठी गावाखालच्या मोडलेल्या उतारावर जागा आहे, तिथं माती हातभर आहे. ठराव तसा झाला, सड्याचा गट क्रमांक त्यातून वगळून.

४ एप्रिल

स्क्रू तपासले. तीन वॉशर गेले आहेत, बदलायचे. बांधांतला चुरा दोन ठिकाणी गुरांच्या खुरांनी पसरला आहे, माथा ६ सेंटिमीटरवर आला. मे महिन्याची यादी : मधले निम्म्या उंचीचे बांध, पाण्याच्या नळीनं पुन्हा पातळी, सगळ्या चौकटींत तारेनं खोली, फळीची वाकलेली एक बाजू बदलणं, पर्जन्यमापकाच्या फनेलला जाळी. बेडूक आत पडतात.